गायीच्या रेतनाचा पाया घोड्यांवर घालणारा शास्त्रज्ञ जगाला भलत्याच प्रयोगासाठी का माहितीये?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालात की वाटेत करमाड लागतं. एकीकडे शेंद्र्याच्या कंपन्या, दुसरीकडे शेतं आणि गोठे. या पट्ट्यातल्या कुठल्याही गोठ्यात गाय माजावर आली, तर वळू शोधत हिंडायची वेळ आता सहसा येत नाही. डॉक्टरला फोन लावायचा. गाडीला नायट्रोजनची टाकी बांधून माणूस येतो, त्यातून पेनाच्या रिफिलसारखी बारीक स्ट्रॉ काढतो, कोमट पाण्यात धरतो आणि पाच-दहा मिनिटांत काम उरकून पुढच्या गावाला जातो. वळू कुठला, कसा होता, हे कुणी पाहिलेलंही नसतं.

आपल्याला यात नवल वाटत नाही, इतकं ते रोजचं झालंय. पण ही सगळी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभी राहू शकते हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते गायींवर नाही, घोड्यांवर. आणि ते सिद्ध करणारा माणूस होता एक रशियन शास्त्रज्ञ, इल्या इव्हानोविच इव्हानोव्ह.

आता हे नाव गुगलवर टाकून बघा. घोडे सापडतील खाली कुठेतरी. सगळ्यात वर दिसेल तो माणूस आणि चिंपांझी यांचा संकर करायला निघालेला वेडा शास्त्रज्ञ. जोडीला स्टॅलिनच्या माकड-सैन्याच्या गोष्टी.

मग खरं काय? माणूस कोण होता, त्याने केलं काय, आणि त्याच्या वाट्याला शेवटी काय आलं?

घोडा म्हणजे तेव्हाचा ट्रॅक्टर, ट्रक आणि रणगाडा

इव्हानोव्हचा जन्म १८७० चा. गाव श्चिग्री, रशियाच्या कुर्स्क प्रांतातलं एक छोटं ठिकाण. खार्किव्हच्या विद्यापीठातून तो १८९६ मध्ये पदवीधर झाला. त्यानंतर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन शिकला. परत आल्यावर सेंट पीटर्सबर्गला त्याने इव्हान पाव्हलोव्हच्या प्रयोगशाळेत काम केलं. हा तोच पाव्हलोव्ह, ज्याचे कुत्रे आणि घंटी आपण मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचतो.

तिथे इव्हानोव्हच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता. गर्भधारणेसाठी नेमकं काय लागतं? वीर्यात शुक्राणू असतात आणि ज्या द्रवात ते पोहतात तो द्रव असतो. तो द्रव नसेल आणि शुक्राणू दुसऱ्याच कृत्रिम द्रवात सोडले, तर गर्भ राहील का?

त्याच्या प्रयोगांचं उत्तर आलं, हो, राहतो. ऐकायला हे फार पुस्तकी वाटतं. पण याचा व्यवहारातला अर्थ प्रचंड होता. शुक्राणू दुसऱ्या द्रवात जगत असतील, तर वीर्य पातळ करून वाढवता येतं. आणि वाढवता येत असेल, तर वाटताही येतं.

आता हे वाटायचं कुणाला? तर घोड्यांना. त्या काळचा रशिया घोड्यांवर चालत होता. नांगर ओढायला घोडा, माल न्यायला घोडा, तोफा ओढायला घोडा आणि घोडदळ तर होतंच. चांगल्या जातीचे नर मात्र मोजके आणि महागडे, तेही सरकारी किंवा जमीनदारांच्या अश्वशाळेत. नैसर्गिक पद्धतीने असा एक नर एका हंगामात साधारण वीस-तीस घोड्यांना पुरायचा. साध्या शेतकऱ्याच्या घोडीपर्यंत तो पोचणारच नाही.

कृत्रिम रेतनाची कल्पना इव्हानोव्हची नव्हती. इटलीच्या लाझारो स्पालान्झानीने १७८० च्या सुमारास एका कुत्रीवर हा प्रयोग करून पिल्लं जन्माला घातली होती. त्यानंतरही अधूनमधून प्रयोग होत राहिले. पण ते सगळे एकेकट्या जनावरावरचे. हजारो जनावरांवर, रोजचं काम म्हणून, हे कुणी करून दाखवलं नव्हतं.

दोल्गोये गावातला स्पंज

१९०१ मध्ये ओर्योल प्रांतातल्या दोल्गोये गावात इव्हानोव्हने घोड्यांच्या कृत्रिम रेतनाचं केंद्र उभं केलं. असं केंद्र जगात पहिलंच.

साधनं बघितली तर हसू येईल. आजच्यासारखी वीर्य गोळा करायची उपकरणं तेव्हा नव्हती. इव्हानोव्ह घोडीच्या योनिमार्गात निर्जंतुक केलेला स्पंज ठेवायचा, नराला तिच्यावर सोडायचा आणि नंतर स्पंज काढून पिळून घ्यायचा. मग ते वीर्य पातळ करून दुसऱ्या घोड्यांना द्यायचं.

लोकांची पहिली शंका तुमच्या-आमच्यासारखीच होती. असं जन्मलेलं शिंगरू धड निघेल का? अशक्त, व्यंग असलेलं तर नाही ना? ही शंका घेऊन अश्वपालक मागे सरायचे. त्यावर वाद घालून उपयोग नव्हता. शिंगरं जन्माला घालून, ती वाढवून दाखवणं हाच मार्ग होता, आणि इव्हानोव्हने तोच धरला. शिंगरं इतर शिंगरांसारखीच निघाली.

हिशोबाने तर सगळ्यांचे डोळे विस्फारले. जिथे एक नर वीस-तीस घोड्यांना पुरायचा, तिथे इव्हानोव्हच्या पद्धतीने तो पाचशेपर्यंत घोड्यांना पुरू शकत होता. रशियाच्या कानाकोपऱ्यातून पशुवैद्य त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. परदेशातही नाव झालं.

पण ‘चांगलं वीर्य’ ओळखायचं कसं?

इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या धंद्याची गोम इथे आहे.

नैसर्गिक पद्धतीत नर भरपूर शुक्राणू देतो, त्यामुळे थोडे निकामी असले तरी चालून जातं. पण तुम्ही तेच वीर्य अनेक घोड्यांत वाटणार असाल, तर प्रत्येक वाट्यात कामाचे शुक्राणू किती जातात हे माहीत हवं. कामाचे म्हणजे जिवंत, हलणारे आणि पुढे सरकणारे.

शुक्राणू हलताना पहिल्यांदा दिसले ते १६७७ मध्ये, डच कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहुकला. तिथपासून इव्हानोव्हपर्यंत आणि त्याच्या पुढेही कितीतरी दशकं मोजायची पद्धत एकच होती. थेंब काचेवर ठेवायचा, सूक्ष्मदर्शकात डोळा घालायचा आणि अंदाज सांगायचा की साधारण साठ टक्के हलतायत. दुसरा माणूस तोच थेंब बघून पन्नास म्हणेल. तिसरा सत्तर.

त्यात घोड्याची अडचण वेगळी. घोड्याच्या शुक्राणूचं शेपूट बऱ्याचदा डोक्याच्या बरोबर मधोमध जोडलेलं नसतं, किंचित बाजूला असतं. त्यामुळे तो सरळ न जाता मोठ्या वर्तुळात फिरतो. घोड्यात हे सर्वसामान्य आहे, दोष नाही. पण बघणाऱ्याला प्रश्न पडतो, याला पुढे सरकणारा म्हणायचं की जागच्या जागी फिरणारा?

हा गोंधळ संपवायला १९८० च्या दशकात कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर असिस्टेड स्पर्म ॲनालिसिस, थोडक्यात ‘कासा’. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडायचा, सेकंदाला पन्नास-साठ चित्रं घ्यायची आणि प्रत्येक शुक्राणू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात कुठे गेला हे सॉफ्टवेअरने जोडत जायचं. मग टक्केवारी आणि वेग स्क्रीनवर. अमेरिकेच्या हॅमिल्टन थॉर्नची मशिन आहेत, जर्मनीच्या मिनिट्यूबची आहेत. ही प्रयोगशाळेत बसवायची, महागडी. अलीकडे टॅब्लेटला छोटं भिंग जोडून तबेल्यातच तपासणी करणारी उपकरणंही आली आहेत, तैवानचं आयस्पर्म हे त्यातलं एक.

मग प्रश्न सुटला? नाही. एकच नमुना तीन मशिनमध्ये टाकला, तर तीन वेगळे आकडे येऊ शकतात. कारणं अगदी साधी आहेत.

पहिलं, ‘हलतोय’ कुणाला म्हणायचं हे सॉफ्टवेअरमध्ये माणूसच ठरवतो. एका मशिनला सांगितलं असेल की सेकंदाला ५० मायक्रॉनपेक्षा जास्त वेगाने आणि बऱ्यापैकी सरळ जाईल तोच पुढे सरकणारा. दुसऱ्याला ३० सांगितलं असेल. दुसऱ्याची टक्केवारी वाढणारच. वर्तुळात फिरणारा घोड्याचा शुक्राणू तर नेमका या सीमेवर अडकतो.

दुसरं, कॅमेरा. सेकंदाला कमी चित्रं घेतली की नागमोडी वाटेतली वळणं मधल्या मध्ये गळतात आणि वेग कमी दिसतो.

तिसरं, तापमान. नमुना ३७ अंशांवर ठेवायचा असतो. थंडीच्या सकाळी उघड्या तबेल्यात काच गार पडली, की शुक्राणू सुस्तावतात. दोष नराचा नसतो, काचेचा असतो.

चौथं, कचरा. वीर्य टिकवायला दूध किंवा अंड्याचा बलक असलेलं द्रावण घालतात. त्यातला एखादा कण मशिनला न हलणारा शुक्राणू वाटू शकतो, आणि टक्केवारी खाली येते.

पाचवं, मोजलेली संख्या. शंभर शुक्राणू बघून काढलेला आकडा आणि हजार बघून काढलेला आकडा यांवर सारखाच भरवसा ठेवता येत नाही.

हे सगळं कशाला सांगतोय? कारण यावर पैसे ठरतात. घोडीला ताज्या किंवा थंड केलेल्या वीर्याचा एक डोस देताना साधारण ५० कोटी पुढे सरकणारे शुक्राणू असावेत, हा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. समजा, एका वेळच्या वीर्यात ८०० कोटी शुक्राणू आहेत. मशिन म्हणालं ६० टक्के कामाचे, तर ४८० कोटी, म्हणजे नऊ डोस. दुसरं मशिन म्हणालं ४५ टक्के, तर ३६० कोटी, म्हणजे सातच. नर तोच, वीर्य तेच, दोन डोसचा फरक.

म्हणून या क्षेत्रातली माणसं एक पथ्य पाळतात. दोन वेगळ्या मशिनचे आकडे शेजारी ठेवून नर चांगला की वाईट हे ठरवायचं नाही. एकच मशिन, एकच सेटिंग, एकच तापमान ठेवून त्याच नराचे आकडे महिनोन्महिने बघायचे. टॅब्लेटवालं उपकरण तबेल्यात नमुना पास की नापास हे ठरवायला उपयोगी. बारीक वेग हवे असतील तर प्रयोगशाळा गाठायची. आणि हलणारे शुक्राणू भरपूर असले म्हणजे घोडी गाभण राहीलच, अशी हमी कुठलंही मशिन देत नाही.

इव्हानोव्हकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, स्वतःचे डोळे होते आणि शेवटचा पुरावा म्हणून जन्मलेली शिंगरं. त्यावर त्याने पाचशे घोड्यांचा हिशोब मांडला.

झेब्रा, गाढव आणि एक धोकादायक कल्पना

१९१० मध्ये इव्हानोव्हने आजच्या दक्षिण युक्रेनमधल्या अस्कानिया-नोव्हा इथे प्रयोग केंद्र सुरू केलं. ही फ्रिडरिख फाल्त्स-फाइन नावाच्या अतिश्रीमंत जमीनदाराची जागा. गवताळ माळरान, त्यावर देशोदेशीचे प्राणी. मंगोलियाकडचे रानटी घोडेही त्याने तिथे आणून ठेवले होते.

इथे इव्हानोव्हची गाडी वेगळ्या रुळावर गेली. दोन वेगळ्या जातींचे प्राणी एरवी एकमेकांजवळ जात नाहीत. पण रेतन कृत्रिम असेल तर त्यांनी जवळ येण्याची गरजच काय? या विचाराने त्याने संकर सुरू केले. झेब्रा आणि गाढव, बायसन आणि गाय, वेगवेगळे छोटे प्राणी. यामागे हेतू शेतीचाच होता. रोगाला दाद न देणारी, काटक जनावरं मिळतील ही आशा.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात प्राणिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इव्हानोव्हने मांडलं की कृत्रिम रेतनाने माणूस आणि वानर यांचा संकरही शक्य असू शकतो. तेव्हा ती फक्त कल्पना होती.

मग पहिलं महायुद्ध आलं. त्यापाठोपाठ १९१७ ची क्रांती आणि यादवी. जमीनदार परागंदा झाले, अस्कानिया-नोव्हा सरकारजमा झालं, इव्हानोव्हचे आश्रयदाते संपले. पण घोड्यांचं काम संपलं नव्हतं. युद्धात आणि यादवीत रशियाचे बेसुमार घोडे मेले होते आणि कळप पुन्हा उभे करायला त्याचीच पद्धत हवी होती. मॉस्कोतल्या पशुवैद्यक संस्थांमध्ये त्याचं संशोधन चालू राहिलं.

इथेच तो थांबला असता, तर आज पशुवैद्यकाच्या पुस्तकात त्याचं नाव आदराने घेतलं गेलं असतं आणि बाकी जगाला माहीतही झालं नसतं.

आफ्रिकेत जे झालं ते

१९२४ मध्ये इव्हानोव्ह पुन्हा पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. संस्थेचं फ्रेंच गिनीतल्या किंदिया इथे माकडांवरच्या संशोधनाचं केंद्र होतं. ते वापरायची परवानगी त्याला मिळाली. पैशांसाठी त्याने सोव्हिएत सरकारकडे धाव घेतली. नवं सरकार धर्माच्या विरोधात होतं, डार्विन खरा ठरवायला उत्सुक होतं. १९२५ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीने त्याला दहा हजार डॉलर मंजूर केले.

मार्च १९२६ मध्ये तो किंदियाला पोचला. तिथले चिंपांझी अजून वयातच आलेले नव्हते, म्हणून परत फिरला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा आला, या वेळी कोनाक्री शहरात, सोबत मुलगा. प्रौढ चिंपांझी पकडून आणले गेले. २८ फेब्रुवारी १९२७ ला दोन मादी चिंपांझींना माणसाच्या वीर्याने रेतन करण्यात आलं, जूनमध्ये तिसरीला. एकही गाभण राहिली नाही.

यापुढचा भाग जास्त गंभीर आहे. मादी चिंपांझी जमेना, तेव्हा इव्हानोव्हने उलटं करायचं ठरवलं. चिंपांझीचं वीर्य आणि माणसाची स्त्री. यासाठी स्थानिक दवाखान्यात आलेल्या आफ्रिकन स्त्रियांवर, त्यांना न सांगता, हा प्रयोग करावा असा त्याचा बेत होता. फ्रेंच गव्हर्नरने परवानगी नाकारली. मॉस्कोत कळल्यावर अकादमीनेही हात झटकले.

नीट बघा, हे घोड्यांच्या कामापासून किती लांब आलंय. दोल्गोयेत त्याने अश्वपालकाला शिंगरू दाखवून पटवलं होतं, कारण घोडी अश्वपालकाची होती आणि त्याचा होकार लागत होता. कोनाक्रीत समोर माणूस होता, आणि त्याच्या होकाराची गरज त्याला वाटली नाही. वसाहतीतल्या काळ्या स्त्रियांना त्याने जनावरांच्या रांगेत बसवलं. काळ तसा होता असं म्हणून हे झाकता येत नाही, कारण त्याच काळातल्या माणसांनी त्याला नकार दिला होता.

सुखुमी, टार्झन आणि अटक

१९२७ च्या उन्हाळ्यात इव्हानोव्ह चिंपांझी घेऊन निघाला. बरेचसे वाटेतच मेले. उरलेले काळ्या समुद्राच्या काठी, अबखाझियातल्या सुखुमी इथे उभारलेल्या नव्या केंद्रात ठेवले गेले.

बेत त्याने सोडला नव्हता. १९२९ मध्ये नवीन योजना आली. या वेळी स्त्रिया स्वतःहून तयार झालेल्या असाव्यात, अशी अट होती. केंद्रात तेव्हा वयात आलेला एकच नर वानर उरला होता. तो ओरांगउटान होता आणि त्याचं नाव होतं टार्झन. प्रयोगाआधीच टार्झन मेंदूतल्या रक्तस्रावाने मेला. नवे वानर यायला पुढचं वर्ष उजाडणार होतं.

ते वर्ष इव्हानोव्हसाठी वाईट निघालं. सोव्हिएत संघात शास्त्रज्ञांची झाडाझडती सुरू झाली होती. जुन्या काळातले, परदेशात वावरलेले तज्ज्ञ संशयाच्या भोवऱ्यात सापडत होते. १३ डिसेंबर १९३० ला इव्हानोव्हला अटक झाली. शिक्षा पाच वर्षांची, हद्दपारी अल्मा-अताला, म्हणजे आजच्या कझाकस्तानात.

गंमत नाही, पण नशीब बघा. कझाकस्तान म्हणजे घोड्यांचा मुलूख. तिथल्या पशुवैद्यक संस्थेत त्याला काम मिळालं आणि आयुष्याच्या शेवटी तो पुन्हा जनावरांकडेच आला. २० मार्च १९३२ ला पक्षाघाताच्या झटक्याने तो गेला. वय ६१. जुन्या पाव्हलोव्हने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला.

मग स्टॅलिनचं माकड-सैन्य?

इव्हानोव्हचे आफ्रिकेतले कागद सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर अभ्यासकांच्या हाती नीट लागले. त्यानंतर एक बातमी जगभर फिरली आणि अजूनही रील्सवर फिरते. स्टॅलिनला न थकणारे, भूक न लागणारे अर्धमानव सैनिक हवे होते आणि त्याने इव्हानोव्हला ते बनवायला सांगितलं, अशी ती बातमी.

याला पुरावा नाही. सापडलेल्या कागदांत सैन्याचा मागमूस नाही. कल्पना इव्हानोव्हची होती, तीही क्रांतीच्या सात वर्षं आधीची. पैसे अकादमीचे, तेही मोजके. खरी गोष्ट पुरेशी भयंकर आहे, तिला मीठमसाल्याची गरज नाही.

शेवटी उरलं काय?

इव्हानोव्हची पद्धत त्याच्या शिष्यांनी पुढे नेली. स्पंज गेला, कृत्रिम योनीचं उपकरण आलं. घोड्यांवरून ती गायी-मेंढ्यांवर गेली आणि सोव्हिएत शेतीत रुजली. १९३६ मध्ये डेन्मार्कमध्ये कृत्रिम रेतनाची सहकारी संस्था निघाली. १९३९ मध्ये संपत कुमारन यांनी म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्ममध्ये भारतातलं पहिलं यशस्वी काम केलं. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लिसरॉल घालून शुक्राणू गोठवता येतात हे कळलं आणि उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनच्या टाकीचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली.

आणि घोडे? ज्यांच्यावर हे सगळं सुरू झालं, तेच मागे राहिले. गोठवलेल्या वीर्यापासून पहिलं शिंगरू कॅनडात १९५७ मध्ये जन्मलं खरं. पण अनेक नर घोड्यांचं वीर्य गोठवणं बैलाच्या वीर्याइतकं सहज सोसत नाही, दर नरागणिक फरक पडतो. शिवाय शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांमध्ये कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. असं जन्मलेलं शिंगरू नोंदवहीत येतच नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर पळणारा प्रत्येक थरोब्रेड नैसर्गिक पद्धतीनेच जन्मलेला असतो.

तरी चाक फिरतंय. बिकानेरच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी जातीचं शिंगरू जन्मलं, राज-प्रथमा. मराठ्यांच्या घोडदळाशी जोडलेल्या आपल्या भीमथडी घोड्यालाही आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. अशा थोड्या उरलेल्या जातीत चांगल्या नराचं वीर्य जपणं, मोजणं आणि लांबच्या घोडीपर्यंत पोचवणं याला किती किंमत आहे, हे सारंगखेड्याच्या बाजारात घोडा हेरत फिरणाऱ्याला सांगावं लागणार नाही.

इव्हानोव्हला एका शब्दात बसवता येत नाही. आफ्रिकेत त्याने जे करायचा बेत केला, तो गुन्हाच होता, आणि तो घडला नाही याचं श्रेय त्याला जात नाही. पण जगभरच्या कोट्यवधी गोठ्यांत आज जे काम चालतं, त्याच्या मुळाशीही तोच आहे. दोन्ही कामं एकाच पद्धतीची होती. फरक इतकाच, की एकदा त्याने समोरच्याला विचारलं आणि एकदा विचारलं नाही.